तिसरी डिस्क ठीक आहे

१

मी फाटक उघडून आत पाय टाकला आणि त्याच क्षणी राहीबाई गर्जेंनी स्वतःच्या पोरीच्या कानाखाली वाजवली.

नगरच्या सावेडीतला बंगला, एप्रिलची दुपार, अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. सविता गाल धरून उभी होती. आई तिच्यापेक्षा चांगली बुटकी, मारायला टाचा उचलाव्या लागल्या असणार.

"भावाला इकलंस व्हय गं? सांग की! कुनाला इकलंस?"

"आई, म्या काय केलं न्हाई."

"मंग कुनी केलं? भुतानं?"

मी दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले. राहीबाईंचा हात अजून हवेतच होता. तो त्यांनी खाली घेतला, पण माझ्यासाठी नाही. दमल्या म्हणून.

झालं होतं ते सरळ सांगते. राहीबाईंचा मुलगा अंगद गेल्या वर्षीच्या हंगामात पाथर्डीहून श्रीगोंद्याच्या बाजूला ऊसतोडीला गेला. उसानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली, मागं आली, आणि तो तिच्याखाली गेला. कारखान्यानं लिहून दिलं, मयत दारूच्या नशेत होता. राहीबाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा भरपाईबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "वकीलबाई, माझं पोरगं दारू पीत न्हवतं. तेवढं खोडून द्या."

खोडायला माझ्या हातात एकच गोष्ट होती. या बंगल्यात राहणारा अँड्र्यू रणनवरे ऊसतोड मजुरांवर माहितीपट करतो. अपघाताच्या थोडंच आधी त्यानं त्या फडात चित्रीकरण केलं होतं. त्यात अंगद धडधाकट, शुद्धीत उभा आहे. ट्रॉलीचा हूक तडकलाय, हे बोट लावून दाखवतोय. आणि कारखान्याचा माणूस म्हणतोय, "जोड तसंच. गाडी थांबायची नाही."

पोलिसांना दिलेली प्रत 'सापडत नाही'. जे सापडत नाही ते का सापडत नाही, हे कळायला वकील असावं लागत नाही. राहिली मूळ प्रत. ती अँड्र्यूच्या घरच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे माळ्यावर ठेवलेली एक काळी पेटी, आत चार हार्डडिस्क, आणि त्यांत त्याचं आजवरचं सगळं काम.

सोमवारी तारीख होती. आज शनिवार. सकाळी अँड्र्यूनं मला द्यायला म्हणून तो व्हिडिओ काढायला घेतला. नाव दिसत होतं, छोटं चित्र दिसत होतं. दाबलं की काहीच नाही. आत काही उरलंच नव्हतं.

आणि सर्व्हरचा पासवर्ड दोघांकडे. एक अँड्र्यू. दुसरी सविता, जी होळीपासून त्याच्याकडे चित्रीकरणाला नावं देण्याचं काम करते.

अँड्र्यू दारातच उभा होता. दाढी, खादीचा कुर्ता, चेहऱ्यावर दुःख.

"एस्तेरताई, मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "सविता मला बहिणीसारखी. पण मी तर पुसणार नाही ना?"

ही माणसं मला पाठ आहेत. गरिबावर सिनेमा काढतील, हार घेतील, आणि घरात काही हरवलं की पहिली नजर गरिबाकडेच.

"पोलिसांना बोलावलंस का?" मी विचारलं.

"अजून नाही. संध्याकाळपर्यंत बघू म्हटलं."

म्हणजे माझ्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

२

हॉलमध्ये सुनील लॅपटॉप मांडून बसला होता. ही पेटी त्यानंच जोडून दिलेली. पाइपलाइन रोडला त्याचं दुकान आहे, आणि स्वतःबद्दल त्याला कधीच शंका नसते.

"मॅडम, चोरीबिरी डोक्यातनं काढा," तो म्हणाला. "डिस्क जागेवर हाय. हे बघा."

स्क्रीनवर चार ओळी. चारही पुढे हिरवा ठिपका.

"पहिली डिस्क ठीक आहे, शेहेचाळीस अंश. दुसरी ठीक आहे, सत्तेचाळीस. तिसरी ठीक आहे, झोपलेली, एकोणीस. चौथी ठीक आहे, शेहेचाळीस. सगळ्या पन्नासच्या आत. एक नंबर तब्येत. अंगदचं सगळं तिसऱ्या डिस्कवर होतं, आणि तिसरी ठणठणीत हाय."

"झोपलेली म्हणजे?"

"कुणी वापरत नसलं की डिस्क फिरायची थांबते. माणसासारखंच. उगं लाईट कशाला जाळायची?"

"मग व्हिडिओ कुठं गेला?"

"पुसला. आतून. पासवर्ड टाकून." त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात सविता आईपासून लांब, पेरूच्या झाडाखाली उकिडवी बसली होती. "मला कुणाचं नाव घ्यायचं न्हाई. पण मशीन खोटं बोलत नसतं मॅडम."

अँड्र्यूची आई मरियममावशी चहा घेऊन आली. मी लहान असल्यापासून तिला ओळखते. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आमच्या पुढच्या बाकावर बसायची, आणि मी चुळबुळ केली की मागं वळून डोळे वटारायची.

"सलाम मावशी."

"सलाम गं." तिनं माझ्या कपात साखर घातली. मग सुनीलच्या. मग पुन्हा माझ्या.

"मावशी, घातली होतीस की."

"व्हय का?" ती चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. मग लेकाकडे वळली. "मशीन ठीक आहे का रे?"

"आई, रोज काय तेच? ठीक आहे मशीन. मशीनला काही झालेलं नाही."

ती आत गेली. बसावं म्हणून मी खुर्ची ओढली आणि बसवेना. त्या स्क्रीनवर काहीतरी टोचत होतं. चपलेत खडा गेलाय हे कळतं, पण कुठल्या बोटाखाली ते कळत नाही, तसं.

३

सविताशी मी पेरूच्या झाडाखाली बोलले.

"अंगदचा व्हिडिओ शेवटचा कधी उघडलास?"

"कंदीच न्हाई मॅडम."

"इथं काम करतेस. रोज त्या मशीनवर बसतेस. आणि भावाचा व्हिडिओ एकदाही बघितला नाहीस?"

"न्हाई बघवत." तिनं पेरूचं वाळकं पान हातात घेऊन चुरलं. "अँड्र्यूदादानं सांगितलं हुतं, सगळ्याला नावं दे. म्या समद्यांना दिली. त्याचं तेवढं सोडलं. चित्रात तो हसतोय. दाबलं की तो बोलनार, आन् मग थांबनार. त्यो थांबलेला मला नगं हुता."

"हे अँड्र्यूला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनले, 'बघ, म्हणजे तुला माहीत होतं कुठला व्हिडिओ आहे.'"

मी शिवी दिली. इथं लिहीत नाही.

तेवढ्यात मरियममावशी ताट घेऊन बाहेर आली. भाकरी, वांग्याची भाजी, वर लोणचं. ते तिनं सविताच्या पुढ्यात ठेवलं. राहीबाईंनाही दिलं, त्यांनी हात लावला नाही. मावशी परत गेली, पुन्हा आली, सविताच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकून गेली. घरातले सगळे जिला चोर म्हणतात, तिला ही बाई आग्रह करून वाढत होती. वर तिच्या तोंडून आळाचा एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, घरात माणूस म्हणावं असं एक तरी आहे.

चारच्या सुमाराला अँड्र्यूचा मामा आला. जोसेफसर. श्रीगोंद्यात शिक्षक. ज्या शाळेत शिकवतात तिच्या संस्थेवर त्याच कारखान्याचा संचालक बसलेला. मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं.

"सर, या केसमध्ये पडू नको म्हणून तुम्ही अँड्र्यूच्या मागं लागला होता."

"लागलो होतो. लपवत नाही." त्यांनी हेल्मेट काढून रुमालानं टक्कल पुसलं. "मला नोकरी आहे, पोरीचं लग्न आहे. तुझ्यासारखं फटकन बोलायची चैन मला परवडत नाही, एस्तेर."

"व्हिडिओ कुठल्या डिस्कवर आहे, माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. नाताळला आम्ही सगळे जमलो होतो, तेव्हा त्यानं स्टुलावर चढून ती पेटी दाखवली. तिसऱ्या खणावर हात ठेवून म्हणाला, 'मामा, यात अंगद आहे.' जेवण होईपर्यंत तेच भाषण. ताई बिचारी तिची चांदणी लावत होती, तिला कुणी हातभार लावला नाही."

मरियममावशीची चांदणी मला आठवली. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, कडेला रुपेरी चमकी. दर नाताळला ती दारात टांगते, आणि कॅरलवाली पोरं आधी तिला बघतात, मग गातात.

"तुम्ही कधी गेलात परत?"

"एकतीसला. नव्या वर्षाची उपासना आमच्याकडे होती. त्यानंतर आज येतोय. विचार कुणालाही."

"विचारणारच."

"तू लहानपणीपण अशीच होतीस," ते म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं.

४

घशाला कोरड पडली होती. स्वयंपाकघरात माठ होता. मी तांब्या बुडवला. मावशी तिथं एकच ओटा दुसऱ्यांदा पुसत होती.

"पेटी बघू का गं माळ्यावरची?" मी विचारलं.

"काय बघायचंय त्यात? तिथं लई उकडतं. चक्कर येईल तुला."

मी स्टूल ओढलं आणि चढले. आमच्या नगरात घरातली प्रत्येक नकोशी वस्तू आणि प्रत्येक मोलाची वस्तू माळ्यावरच जाते. पितळी हंडे, जुनी गादी, टीव्हीचा सुतळीनं बांधलेला खोका, आणि या सगळ्यांच्या मध्ये ती काळी पेटी, हिरवा दिवा लावून बसलेली. वर स्लॅब तापलेला. डोकं वर केलं तर भट्टीच्या तोंडाशी गेल्यासारखं झालं. पितळी हंड्याला हात लागला आणि मी झटकन मागं घेतला. चटका.

हंडा काही कुणी चुलीवर ठेवलेला नव्हता. नुसता पडून होता. झोपलेला.

मी स्टुलावर तशीच थांबले. खडा कुठल्या बोटाखाली होता ते मला कळलं.

"सुनील!" मी तिथूनच ओरडले. "तिसरी डिस्क किती अंश?"

"एकोणीस, मॅडम."

"माझ्या घरी फ्रीज आहे. त्यातलं पाणीसुद्धा या माळ्यावर दहा मिनिटांत एकोणीस राहणार नाही. बाजूच्या हंड्याला हात लावता येईना, आणि तुझी डिस्क एकोणीस?"

तो स्टुलाखाली आला. तोंड उघडं.

"ती झोपलीय ना, म्हनून..."

"झोपलेला माणूस उन्हात बर्फ होतो का? एप्रिलमध्ये नगरात एकोणीस अंश कुठं असतं, सांग. पहाटेसुद्धा नाही. एकोणीस कधी असतं?"

अँड्र्यू मागं येऊन उभा होता. तोच हळूच म्हणाला, "थंडीत."

"सुनील, हा आकडा आत्ताचा आहे का?"

सुनीलनं डोकं खाजवलं. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा डोकं खाजवताना बघत होते. "झोपलेल्या डिस्कला हे सॉफ्टवेअर उठवत न्हाई मॅडम. म्हनजे... शेवटचं जे माहीत असंल, तेच दाखवत राहतं. जुनं हाय जरा. बदलू बदलू म्हनत ऱ्हायलं."

"कधीपर्यंत दाखवत राहतं?"

"मशीन बंद करून चालू करेपर्यंत."

"आणि शेवटचं कधी बंद केलं?"

अँड्र्यूनं मान हलवली. "कधीच नाही. दिवाळीला बसवलं तेव्हापासून एकदाही नाही. मुद्दाम इन्व्हर्टर घेतला त्याच्यासाठी."

मला हसू आलं, ते वाईट हसू. आख्ख्या जिल्ह्यात लाईट जाते. चारचौघांसारखं या पेटीलाही लाईट जाऊ दिली असती तर खरं काय ते केव्हाच बाहेर पडलं असतं. एवढी बडदास्त ठेवली, म्हणून ती महिनोन्महिने खोटं बोलत राहिली. आणि आम्ही शिकलेले लोक त्या खोट्यावर एका पोरीला चोर ठरवून मोकळे.

"बंद कर आणि चालू कर."

"नको!" मरियममावशी म्हणाली. फडकं तिच्या हातातून खाली पडलं. "आधी... आधी जेवून घ्या ना सगळे."

पाच वाजत आले होते. कुणीच जेवायच्या बेतात नव्हतं.

सुनीलनं बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. पंख्याचा आवाज थांबला आणि घरात एकदम सामसूम झाली. राहीबाई उठून उंबऱ्यात आल्या. सविता त्यांच्या मागं. मग पेटी घरघरली, दिवा लागला, सुनीलनं लॅपटॉपवर पान उघडलं.

पहिली डिस्क ठीक आहे.

दुसरी डिस्क ठीक आहे.

चौथी डिस्क ठीक आहे.

बस. तिसरी ओळच नव्हती.

५

सुनीलनं पेटी खाली उतरवली. समोर चार खण, चारही बंद, सारखे. तिसऱ्याची कळ दाबली तसा खण बाहेर सरकला. रिकामा. कुणीतरी डिस्क काढून घेतली होती आणि रिकामा खण परत नीट, खुटकन आवाज येईपर्यंत, आत ढकलला होता.

"आन् तुमी म्हनला आतून पुसलं," सविता म्हणाली. सुनीलकडे बघून. तेवढंच.

"मॅडम, स्क्रीनवर ठीक होती, नावं-चित्रं पहिल्या डिस्कवर साठतात ती दिसत होती, तर मी कशाला उघडू?" सुनील माझ्याकडे वळला. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मी खण खिडकीशी नेला. आतल्या बाजूला, कडेला, बारीक काहीतरी चकाकलं. नखानं टिपलं. रुपेरी कण. दोन-तीन. मी ते बोटावर धरले आणि मूठ मिटली. कुणाला दाखवले नाहीत.

"आता ऐका," मी म्हटलं. खोलीत मी येरझाऱ्या घालत होते, मला एका जागी राहवत नव्हतं. "सविता इथं आली होळीला. होळीपर्यंत नगर तापलेलं असतं. डिस्क गेली थंडीत. तेव्हा ही पोरगी पाथर्डीत होती, या घराचा पत्ताही तिला माहीत नव्हता. अँड्र्यू, म्हण माझ्या मागं. सविता चोर नाही."

त्यानं कुर्त्याची बाही सारखी केली.

"म्हण!"

"सविता चोर नाही," तो म्हणाला. खादीसकट घामाघूम झाला होता.

राहीबाईंनी सविताकडे बघितलं.

"मग कोण?" जोसेफसर म्हणाले, आणि लगेच सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांना कळलं. "मी? मी नाही हं!"

"अँड्र्यू, व्हिडिओ तू शेवटचा कधी चालू केलास?"

"नवीन वर्षात. मामा गेल्यावर. तुम्हाला फोटो पाठवला होता ना त्यातला, तेव्हा. मग लगेच मी पुण्याला गेलो, संकलनाला. पंधरा-वीस दिवस तिकडेच होतो."

"म्हणजे जोसेफसर गेले तेव्हा डिस्क होती. सर, बसा. सुनील, तू?"

"दिवाळीनंतर आज आलोय मॅडम, आईशप्पथ."

"शपथ नको. डिस्क तू काढली असतीस तर पेटी बंद-चालू करायला तयारच झाला नसतास. शिवाय तुला मशीन आतून माहीत, अँड्र्यूकडे पासवर्ड, तुम्हाला ती पुसायची तर खुर्चीत बसून पुसता आली असती. हातानं उपसून काढतो तो, ज्याला पासवर्ड माहीत नाही. ज्याला एवढंच माहीत आहे की 'यात अंगद आहे'."

"कारखान्याची माणसं," अँड्र्यू म्हणाला. "नक्की तीच. मी नसताना शिरली असतील."

"ती आली असती तर आख्खी पेटी उचलून नेली असती. रिकामा खण इतका नीट लावून कोण जातं?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. ओट्यावर फडकं घासल्याचा आवाज येत होता. तिसऱ्यांदा.

मी आत गेले आणि दार लोटलं.

"मावशी, यंदा चांदणी कुणी उतरवली?"

६

तिचा हात थांबला.

आमच्यात चांदणी सहा जानेवारीला उतरते. पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक बाळ येशूपाशी पोहोचले, आता वाट दाखवायला चांदणी कशाला? आणि उतरवताना वाळलेल्या डिंकावरची चमकी सगळ्या हातांना लागते, धुतली तरी दोन दिवस जात नाही. हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. माझी आईही लावायची.

मी मूठ उघडून बोट तिच्यापुढं धरलं.

ती खाली बसली. ओट्याला पाठ लावून, जमिनीवर.

"तो पुण्याला होता," ती म्हणाली. "मी एकटी. जीपमधून दोघं आले. आत नाही आले. फाटकावरच उभे. एक म्हणतो कसा, 'आजी, पोरगा एकुलता ना? रात्री-अपरात्री गाडीवर फिरतो. ट्रॉल्या लई सुटतात आजकाल.' एवढंच बोलले. हसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी चांदणी उतरवली. खोका ठेवायला चढले, आणि ती पेटी समोर. हिरवा डोळा लावून."

"आणि डिस्क चांदणीच्या खोक्यात."

"डिसेंबरपर्यंत कोण उघडतंय तो?" तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "फोडणार होते. हात झाला नाही. त्यातपण कुणाचं तरी लेकरूच होतं ना."

"अँड्र्यूला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते! तो आला की त्याला कळेल, ओरडेल, मग सांगेन, असं ठरवलं होतं. रोज विचारायचे, मशीन ठीक आहे का रे? तो स्क्रीन बघायचा आणि म्हणायचा, 'फर्स्टक्लास आहे आई.' रोज! अगं, मी स्वतःच्या हातानं काढलेली वस्तू, आणि तो म्हणतो जागेवर आहे. चारही ठीक. मला वाटलं..." तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं सांगू? भक्ती होती. "मला वाटलं, देवानंच झाकलं. त्याला मान्य आहे म्हणून झाकलं."

"देवानं नाही मावशी. आळशी सॉफ्टवेअरनं."

"ते मला आज कळलं."

"आणि आज दुपारी? त्या पोरीला तिच्या आईनं तुझ्या अंगणात मारलं. तू खिडकीतून बघितलंस आणि भाकऱ्या थापल्यास."

माझा आवाज चढला होता, दाराबाहेर ऐकू जात असणार. जाऊ दे म्हटलं.

"तुझा मुलगा जिवंत राहावा म्हणून तू तिचा मुलगा दारुडा ठरू दिलास. वर तिच्या मुलीला चोर ठरू दिलंस. भीती खरी होती तुझी, कबूल. पण तिची किंमत दुसऱ्याच्या घरातून वसूल केलीस."

दार मी उघडलं नाही. ते आधीच उघडलेलं होतं. उंबऱ्यात राहीबाई उभ्या होत्या.

मरियममावशी उठली. कुणाचा हात घेतला नाही. स्टुलावर चढली, सुतळीचा खोका छातीशी धरून उतरली, गाठ दातानं सोडली. वर चपटी केलेली चांदणी. खाली जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेली डिस्क. बाळाला गुंडाळतात तशी, चारी टोकं आत.

ती तिनं राहीबाईंच्या हातात दिली. माझ्या नाही, अँड्र्यूच्या नाही.

"बाई, मी घेतली होती. तुमच्या पोरीनं नाही."

राहीबाईंनी डिस्कचं वजन हातात जोखलं. मग ती माझ्याकडे दिली आणि मागं वळल्या. सविताचा हात धरून त्यांनी स्वतःच्या गालापाशी नेला.

"मार."

"येडी हाय का तू?" सवितानं हात हिसकावून घेतला. आणि मग ती रडली. सकाळपासून पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान पोरीसारखी.

सुनीलनं डिस्क खणात बसवली. या वेळी न सांगता पेटी बंद करून चालू केली. चार ओळी आल्या.

तिसरी डिस्क ठीक आहे. सदतीस अंश. आम्ही बघत असतानाच अडतीस झाले. या वेळी खरं होतं.

व्हिडिओ उघडला. उसाचा फड, पाचट, आणि अंगद. डोक्याला टॉवेल, तोंडभर हसू. "भाऊ, हे बघा, हूक तडकलाय. म्या काय जोडत न्हाई, माझी आई मारंल मला." बाजूनं कुणाचा तरी आवाज, "जोड तसंच."

"बंद करा," राहीबाई म्हणाल्या. "पुढचं नगं." मग म्हणाल्या, "शुदीवर हाय. बघितलं का समद्यांनी? शुदीवर हाय माझं लेकरू."

एक गोष्ट राहिली होती आणि ती मलाच सांगावी लागणार होती. "मावशी, समोरचा वकील विचारणार, इतके दिवस ही डिस्क कुठं होती? कुणी हात लावला? ते तुलाच सांगावं लागेल. जीपसकट. नाहीतर ते म्हणतील, व्हिडिओ बनावट आहे."

"आई नाही येणार कोर्टात," अँड्र्यू म्हणाला. "धोका आहे तिला." दुसऱ्याच्या आईला घेऊन सिनेमा काढताना हा शब्द त्याला कधी आठवला नव्हता.

मरियममावशीनं राहीबाईंकडे बघितलं. "बाई, माफी मागायला तोंड नाही मला."

"माफी घिऊन म्या काय करू?" राहीबाईंनी पदर खोचला. "सोमवारी माझ्या शेजारी येऊन बसा. भ्या वाटलं तर माझा हात धरा. मला सवय हाय भ्याची."

सोमवारी कोर्टाच्या आवारात मी लवकर पोहोचले आणि फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिले. कडुनिंबाखाली एक जीप उभी होती, दारं उघडी टाकून, आत दोघं. राहीबाई आणि सविता पाथर्डीच्या एसटीनं आल्या. मरियममावशीचा पत्ता नव्हता. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला.

पुकारा व्हायच्या जरा आधी रिक्षा थांबली. मावशी उतरली. देवळातली पांढरी साडी, मागं अँड्र्यू. ती माझ्याकडे आली नाही. आधी कडुनिंबाकडे गेली, जीपच्या अगदी दारापाशी, आणि लहानपणी मला वटारायची तसे डोळे वटारून, सगळ्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"काय रे, ओळखलंस का? मी तीच आजी. चल आत. तुझंच सांगायला आलेय."